वरचं आणि खालचं

माणसाची ओळख पूर्वी त्याच्या गावावरून होत असे. पुढे ती पगारावरून होऊ लागली. आमच्या मुलुंड पूर्वेला सध्या ती दोन आकड्यांवरून होते. सकाळी सहा वाजता चिंतामणराव देशमुखांच्या नावाच्या बागेत गेलात, तर रिझर्व्ह बँकेच्या त्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांना समाधान वाटावे इतके आकडे तिथल्या बाकांवर बोलले जात असतात. फक्त त्यांतला एकही व्याजदराचा नसतो.

"तुमचं वरचं किती?"

"एकशे बेचाळीस. तुमचं?"

"एकशे अडतीस. पण खालचं पंच्याण्णव."

"मग खालचं सांभाळा हो. वरचं काय, वरखाली होतंच."

परक्या माणसाला वाटावे, ही मंडळी दुमजली घर विकायला निघाली आहेत आणि मजल्यांचे भाव काही जमत नाहीत.

रक्तदाबाइतका प्रतिष्ठित आजार मध्यमवर्गात दुसरा नाही. मूळव्याधीचे नाव चारचौघांत घेता येत नाही. मधुमेह असला, तर लग्नाच्या पंगतीत आजूबाजूचे लोक तुमच्या पानातल्या जिलबीकडे पोलिसाच्या नजरेने पाहतात. बीपीचे तसे नाही. इतर आजारांचा त्रास ज्याचा त्याला होतो. बीपीचा त्रास घरच्यांना होतो. "मला बीपी आहे, मला बोलायला लावू नकोस," एवढे म्हटले की कोणताही वाद तिथल्या तिथे निकालात निघतो. आमच्या शाखेतल्या एका अधिकाऱ्यांचे बीपी नेमके ३१ मार्चला, वार्षिक हिशेब बंद करायच्या रात्री वाढत असे आणि २ एप्रिलला उतरत असे. इतका वक्तशीर आजार मी दुसरा पाहिलेला नाही.

वास्तविक "मला बीपी आहे" हे विधानच निरर्थक आहे. बीपी प्रत्येकालाच असते. ज्याला ते नाही, त्याचा हयातीचा दाखला आमची बँक स्वीकारत नाही.

हा हयातीचा दाखला म्हणजे माझे खास खाते. दर नोव्हेंबरात सरकारी पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत हे बँकेला पटवून द्यायचे असते. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ही मुभा ऑक्टोबरपासूनच मिळते. बहुधा सरकारलाही वाटत असावे की त्यांनी उगाच महिनाभर थांबून धोका पत्करू नये. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आले, आणि आता तर घरबसल्या मोबाइलला चेहरा दाखवूनही हयात राहता येते. तरी निम्मे मुलुंड अजून काउंटरवरच येते. एकमेकांची हयात समक्ष तपासण्यात जी मजा आहे, ती मोबाइलमध्ये नाही.

त्या काउंटरवर बसून बसून मला एक विद्या अवगत झाली आहे, जी बी.कॉम.ला कोणी शिकवली नव्हती. माणसाची नमुना सही आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षे जपलेली असते. तिच्याशेजारी आजची सही ठेवली की मधली वर्षे दिसतात. काहींची सही नुसती थरथरते, ते वय. पण काहींचे प्रकरण निराळे असते. गृहस्थ स्लिपवर तारीख बरोबर घालतात, खाते क्रमांक तोंडपाठ लिहितात, आणि 'अक्षरी रुपये' या रकान्याशी येऊन थांबतात. पेन हातात, रकाना समोर, आणि मध्ये काहीतरी तुटलेले. "मला जमत नाही," असे कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, "चष्मा विसरलो." आमच्या शाखेत नोव्हेंबर महिन्यात निदान दहा माणसे चष्मा विसरतात, आणि त्यांतल्या सहांच्या तो नाकावर असतो. मी स्लिप भरून देतो. दाखल्यावर माणूस हयात आहे एवढेच लिहायचे असते. किती हयात आहे, याला रकाना नाही.

असे चष्मा विसरणे एक दिवस आमच्याच घरी आले.

आमचे आप्पा टपालखात्यात, आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. चालत्या गाडीच्या टपालडब्यात रात्रभर उभे राहायचे आणि पत्रे ज्या त्या खणात टाकायची, हा त्यांचा धंदा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, तेव्हा आप्पा खात्यात नवे होते. ही सहा आकड्यांची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातले मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृत कवी. आप्पांच्या मते पाणिनीनंतर इतक्या थोडक्यात इतके सांगणारा माणूस झाला नव्हता. आम्हां भावंडांना पाढ्यांच्या आधी पिनकोड पाठ करावे लागले. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१, घाटकोपर पूर्व ४०००७७, पश्चिम ४०००८६, अंधेरी पूर्व ४०००६९, बोरिवली पश्चिम ४०००९२. नातेवाईकही आप्पांना याच क्रमाने आठवत. "तो एकोणसत्तरचा मामा येऊन गेला," असे ते सांगत. ताईला स्थळ सांगून आले, तेव्हा आईने मुलाचा पगार विचारला आणि आप्पांनी पिनकोड विचारला. मुलाने तो चटकन सांगितला, म्हणून ताई आज बोरिवलीला आहे.

या आप्पांचे बीपी १९९० साली ऑफिसच्या तपासणी शिबिरात सापडले. वय ४४. वरचे १५०, खालचे ९६. शिबिरातल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. आप्पा घरी येऊन म्हणाले, "काही नाही, सहाचा फरक आहे."

हा सहाचा फरक कुठून आला? तर त्या काळी एक सूत्र घरोघरी प्रचलित होते: वय अधिक शंभर. चव्वेचाळिसाव्या वर्षी १४४ पर्यंत सगळे क्षम्य. वर सहा म्हणजे किरकोळ ओव्हरड्राफ्ट. आणि आप्पांचा हिशेब असा की सहा वर्षांनी वय पन्नास झाले की तो आपोआप फिटणार! कर्ज फेडण्याची इतकी सोपी योजना आमच्या बँकेला अजून सुचलेली नाही.

यात आप्पांना तरी काय बोल लावायचा? डॉक्टरांच्याही काही पिढ्या याच मताच्या होत्या. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होतात, तेव्हा त्यांतून रक्त पुढे ढकलायला जास्त दाब हवाच, अशी समजूत होती. म्हणून तर उघड कारणाशिवाय वाढणाऱ्या रक्तदाबाला इंग्रजीत 'इसेन्शियल' म्हणजे 'आवश्यक' असे भारदस्त विशेषण चिकटले. १९३१ साली जॉन हे नावाच्या इंग्लिश डॉक्टराने तर असे मत मांडले होते की रक्तदाब वाढलेल्या माणसाला खरा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कोणीतरी मूर्ख तो उतरवायच्या मागे लागणारच.

उतरवायला त्या वेळी धड औषधही नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा त्यांचे वरचे १८६ आणि खालचे १०८ होते. अध्यक्ष निवडून येत राहिले, महायुद्ध चालवत राहिले आणि दाब चढत राहिला. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके फार दुखते असे म्हणून ते कोसळले, तेव्हा वरचा आकडा तीनशेच्या पलीकडे गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही कथा. मग टपालखात्यातल्या सॉर्टराची काय?

पण गंमत अशी की पुढे चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे स्वतः उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदींसकट ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. जगाने कान टवकारले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे सर्पगंधा मागे पडली आणि तिच्याहून सोसायला सोप्या गोळ्या आल्या. आज एका वडापावच्या पैशात चार-पाच दिवसांची साधी गोळी येते. रूझवेल्टांना जे मिळाले नाही, ते मुलुंड स्टेशनच्या बाहेरच्या केमिस्टाकडे सुट्ट्या पैशांत मिळते. फक्त ते रोज गिळावे लागते.

आप्पांची गाडी इथेच अडली. "रोज घेतली की सवय लागते," हे त्यांचे तत्त्व. रोज चार वेळा चहा घेणारा माणूस हे बोलत असे. गोळीला त्यांनी घरच्या माणसासारखे कधी वागवलेच नाही, ती पाहुणी. डोके दुखले की तिला बोलवायचे, थांबले की बोळवण. आता या आजाराचा कावा असा की बहुतेकांचे डोके तो दुखवतच नाही. नोटीस नाही, स्मरणपत्र नाही, फोन नाही. आमची बँक तीन हप्ते चुकले की दारात माणूस पाठवते. हा सावकार तीस वर्षे गप्प बसतो आणि मग एकदम घराचा ताबा घेतो.

मिठाचेही तसेच. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर आप्पांनी पानात वरून मीठ घेणे बाणेदारपणे सोडले आणि लोणच्याच्या फोडी दोनाच्या चार केल्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर मिठावर भागवावे. आपण भारतीय सरासरीने त्याच्या सुमारे दुप्पट खातो. पापड, लोणचे, फरसाण आणि मुलुंडच्या चौकाचौकात मिळणारी शेवपुरी धरली, तर आमचा वॉर्ड सरासरी नक्की वर नेत असणार.

सत्तरी उलटल्यावर आप्पांमध्ये काहीतरी बदलले. पण ते विसरत होते असे नाही. १९७४ च्या रेल्वे संपात कोणती गाडी कुठे अडकली होती, हे ते सांगत. बिघडला होता तो क्रम. चहा करायला गेले की पाणी, दूध, साखर सगळे व्यवस्थित. पावडर राहून जाई. विजेचे बिल भरायला निघत आणि चपला घालायच्या की पैसे घ्यायचे, यांत आधी काय, या विचारात दारातच उभे राहत. सगळी पत्रे हातात होती. खण सापडत नव्हते. आम्ही म्हणायचो, वय झाले. शेजारचे काका म्हणाले, "साठी बुद्धी नाठी, त्यात काय!" ही म्हण ज्याने केली त्याने आपला मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. जणू बुद्धीलाही सेवानिवृत्तीचे वय असते आणि त्या दिवशी ती हार घालून घेऊन निघून जाते.

मग एका गुरुवारी सकाळी अकराला बँकेत माझा मोबाइल वाजला. आप्पा ताईकडे बोरिवलीला निघाले होते. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, अंधेरीहून लोकलने बोरिवली. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून ते याच रस्त्याने शंभरदा गेले असतील.

"बाळू, मी ४०००६९ मध्ये आहे."

"बरं. मग?"

थोडा वेळ नुसता गाड्यांचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पुढचं लिहिलेलं नाही."

मी अर्धी रजा टाकून निघालो. अंधेरीच्या पुलाखाली एका बाकावर आप्पा बसले होते. मांडीवर ताईसाठी आईने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि हातात स्टॉलवाल्याने पैसे न घेता दिलेला चहा. घाबरलेले अजिबात नव्हते. मला पाहून म्हणाले, "पत्ता अपुरा असला की पत्र टाकून द्यायचं नसतं. थांबवून ठेवायचं. कोणीतरी येतंच."

मी काही बोललो नाही. चहा मात्र त्यांच्या हातून घेऊन उरलेला मीच प्यायलो.

घाटकोपरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आप्पांना घड्याळ काढायला सांगितले. आप्पांनी सुरेख वर्तुळ काढले आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यातच बसवले. डावीकडचा अर्धा भाग कोरा. मग डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला लावले. आप्पा डिसेंबर, नोव्हेंबरपर्यंत आले आणि नोव्हेंबरात अडकले. पेन्शनरच ते! शेवटी चिडून त्यांनी डॉक्टरांनाच विचारले, "या दवाखान्याचा पिनकोड काय?" डॉक्टर म्हणाले, "४०००८६." आप्पा माझ्याकडे वळले. "हे घाटकोपर पूर्व आहे. ४०००७७. आता यांना तपासा."

एमआरआयच्या फिल्मवर मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके होते. काही सुटे, काही एकमेकांना चिकटून ढगासारखे झालेले. आप्पांनी ते निरखून पाहिले आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बाहेरून पांढरं झालं होतंच. आतूनही झालं म्हणायचं."

डॉक्टरांनी मला ते प्रकरण उपनगरी माणसाला कळेल असे समजावले. मेंदूचे वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण प्राणवायू खातो जवळजवळ वीस भाग. तो रक्तातून येतो. मोठ्या रक्तवाहिन्यांतून केसासारख्या बारीक शाखा फुटून थेट खोल आत जातात, आणि त्यांना दुसरा पर्यायी रस्ता नसतो. दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. एखादी तुंबते, एखादी पाझरते. टोकाच्या भागाला रक्त कमी पडते. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्याला पाणी आले नाही तर तिथली मंडळी सेक्रेटरींच्या दारात बादल्या घेऊन उभी राहतात. मेंदूतला चौथा मजला बिचारा मीटिंगला येत नाही. तो मुकाट्याने वाळतो.

"आणि हा भाग म्हणजे वायरिंग आहे," डॉक्टर म्हणाले. "आठवणींची स्टेशनं बहुतेक शाबूत आहेत. मधले रूळ खराब झालेत."

मला एकदम सगळे कळले. आप्पांच्या डोक्यात मेगाब्लॉक चालू होता, आणि त्यांचा रविवार संपत नव्हता.

आम्ही 'अस्तु' हा सिनेमा पाहिला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे पंडित आठवणी हरवलेल्या अवस्थेत एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. आईला त्या हत्तीची धास्ती बसली होती. आप्पांनी तिची समजूत घातली, "मुलुंडला हत्ती कुठला येतोय? नॅशनल पार्कातून बिबट्या येतो, आणि त्याच्या मागे कोणी जात नाही."

डॉक्टरांनी त्याच दिवशी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. वय ४६, वरचे १४८, खालचे ९४. सूत्राप्रमाणे फक्त दोनचा फरक! मी तसे म्हणालोही. डॉक्टर हसले नाहीत. फिल्मकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आज झालेलं नाही. हे तुमच्या वयाला सुरू झालं असणार."

हे वाक्य मी तीन रात्री उशाला घेऊन झोपलो. शेवटी मी बँकवाला. शब्दावर विश्वास ठेवण्याआधी आकडे पडताळायची खोड. ते पडताळले. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाची अशी चौदा कारणे मांडली, जी माणसाला निदान तत्त्वतः टाळता येतात. मध्यम वयातला चढा रक्तदाब त्यांत आहे, तसे ऐकू कमी येणे, मधुमेह, धूम्रपान आणि एकटेपणाही आहे. सगळी चौदा सावरली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून थोड्या अधिक लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, हा विकार असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या देशव्यापी पाहणीतून तो निघाला, ती चालवणारी लोकसंख्या विज्ञान संस्था आमच्या जवळच, देवनारला आहे. म्हणजे आमचा 'चष्मा विसरलो' हा रकाना कोणीतरी मोजत होते तर!

मग दाब उतरवला तर फायदा होतो का? अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या ९३६१ लोकांवर 'स्प्रिंट' नावाचा मोठा प्रयोग झाला. निम्म्यांचे वरचे १४० च्या खाली ठेवायचे, निम्म्यांचे १२० च्या. दुसऱ्या गटात हृदयविकार आणि मृत्यू इतके कमी दिसले की २०१५ साली तो उपचार मुदतीआधीच थांबवला. २०१९ साली मेंदूचा हिशेब जाहीर झाला. पुरत्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले, पण खात्रीने सांगावे इतके नाही. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य विस्मृती, मात्र १९ टक्क्यांनी कमी. काही जणांच्या मेंदूच्या फिल्म चार वर्षांच्या अंतराने काढल्या होत्या. त्यांत ते पांढरे ठिपके पहिल्या गटात १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात ०.९२ ने. वाढले दोघांचेही, पण व्याजदर निराळा. पुढे चीनमध्ये ३२६ खेड्यांत, चाळिशीच्या पुढच्या जवळजवळ ३४ हजार लोकांना गावातल्याच साध्या वैद्यांनी गोळ्या वेळच्या वेळी द्यायचा आणि दाब मोजत राहायचा सपाटा लावला. चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. हा निकाल २०२५ सालचा. मोठी हॉस्पिटले नाहीत, मोठी यंत्रे नाहीत. हप्ता चुकवायचा नाही, एवढीच युक्ती.

माझ्या बी.कॉम.च्या बुद्धीला यातून जे कळले ते असे. रक्तदाब ही आवर्ती ठेव आहे. चाळिशीत उघडते, दरमहा आपोआप भरली जाते, पासबुक मिळत नाही, आणि पंचाहत्तरीला मुदत पुरी होते. रक्कम घ्यायला कोणालाच जायचे नसते. ती घरपोच येते. मुदत संपल्यावर ती मोडता येत नाही. आप्पांच्या फिल्मवरचे ठिपके आता कोणत्याही गोळीने पुसले जायचे नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पुढचे हप्ते मात्र कमी करता येतात, आणि माझी तर ठेव अजून चालू आहे.

तेव्हापासून आमच्या घरात आरोग्याचे आर्थिक वर्ष सुरू झाले आहे. जेवणाच्या टेबलावर सात खणांचा गोळ्यांचा डबा आला. आप्पांना तो पाहताक्षणीच आवडला. खण दिसल्यावर सॉर्टराला आणखी काय हवे? रविवारी संध्याकाळी आई समोर बसते आणि आप्पा आठवड्याच्या गोळ्या खणांत टाकतात. त्यांच्या आणि माझ्याही. सोमवारची गोळी मंगळवारात गेली तर आई काही न बोलता ती उचलून हातात परत देते, आणि आप्पा ती योग्य खणात टाकतात. पूर्वी जी गोळी सवय लागेल म्हणून घेत नसत, तीच आता ड्यूटी म्हणून घेतात. कानाला यंत्र बसवले आहे. त्यामुळे त्यांना आता सगळे ऐकू येते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. हिने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर हलवली. ती माझ्या हाताला येते, पण हिच्या नजरेलाही येते. संध्याकाळी मी आणि आप्पा चालायला जातो. त्यांची पावले लहान झाली आहेत, म्हणून माझेही चालणे वेगाचे होत नाही. पण डॉक्टर म्हणाले, बरोबर चालणे हेही औषधच आहे.

आप्पांचे वरचे किती ठेवायचे, हा हिशेब डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवला आहे. या वयात दाब फार उतरला तर उठताना घेरी येऊन माणूस पडतो, तेव्हा जोरात ब्रेक मारून चालत नाही. ज्यांचे घोडे अजून चाळिशी-पन्नाशीत आहे, त्यांनी मात्र बागेतल्या बाकावर आकड्यांची देवाणघेवाण करून थांबू नये. तिथे चौकशी होते, वसुली होत नाही.

रोज सकाळी सात वाजता आमच्याकडे दोन्ही दंड मोजले जातात. नोंद आप्पाच करतात. टपालखात्यातून निवृत्त होताना आणलेले एक लांबट रजिस्टर आहे, त्यात तारीख, वेळ, वरचे, खालचे. अक्षर पूर्वीइतके वळणदार राहिलेले नाही, आणि ओळ कधी कधी पुढच्या रकान्यात शिरते. एखाद्या दिवशी माझे आकडे लिहून झाले की ते पेन वर धरून विचारतात, "हे कोणाचं?"

"माझं, आप्पा."

"पिन?"

"४०००८१."

ते मान डोलावतात, आकड्यांपुढे नीट पिनकोड घालतात आणि मग खाली लहानशी सही करतात. मी ती रोज तपासतो. बँकेत नमुना सहीशी ती कदाचित जुळणार नाही. घरात मी ती पास करतो.